काय थांबवायचं हे आधी कळावं लागतं: युरिक ॲसिडवरच्या औषधाचा इतिहास



२२ जुलै २०२१ च्या दरडीनंतर तळीयेचं नाव देशभर गेलं, ते दुःखाच्या बातमीतून. त्या दुःखावर बोलण्याचा अधिकार आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना नाही, आणि आजचा विषयही तो नाही. विषय आहे युरिक ॲसिड आणि त्यावरचं औषध. हा विषय कळल्यावर अनेकांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं इथं काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत खरे, पण पीएच.डी.चे. तेव्हा व्याख्यानानंतर नाडी बघायला हात पुढं करू नका.

आमचा अधिकार एवढाच, की 'कारण' कशाला म्हणायचं हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. आणि या औषधाचा इतिहास म्हणजे त्याच प्रश्नाचा इतिहास आहे. माणसाला हा रोग हजारो वर्षं माहीत होता, पण त्याचं कारण नेमकं कुठं आहे ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ते कळल्यावरच ते थांबवता आलं. हा इतिहास मुख्यतः युरोप-अमेरिकेत घडला. पण त्याचं सख्खं भावंड शोभेल अशी एक गोष्ट याच महाड-पोलादपूर तालुक्यांत घडली आहे. तिकडे आपण पुढं येणारच आहोत.

श्रीमंतांचा रोग

रोगाचं इंग्रजी नाव गाऊट. आपल्याकडे लोक सरळ म्हणतात, 'युरिक ॲसिड वाढलंय.' माणूस रात्री धडधाकट झोपतो. पहाटेच्या सुमारास पायाच्या अंगठ्याचा सांधा पेटल्यासारखा होतो. लाल होतो, सुजतो, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप ओसरतं, आणि माणूस म्हणतो, गेलं एकदाचं. पुढं काही महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं चाललं, की सांध्याजवळ आणि कानाच्या पाळीवर खडूसारख्या गाठी येतात, सांधा वाकडा होतो, मूतखडे होतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा आहे. वातरक्त म्हणजे आजचा गाऊटच, असं म्हणणं घाईचं होईल. पण वर्णन पुष्कळ ठिकाणी जुळतं. तिथं या रोगाला जी दुसरी नावं दिली आहेत, त्यांत एक आहे आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान. म्हणजे खाऊनपिऊन सुखी, बसून राहणाऱ्या माणसाचा रोग. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेत आणखी एक बारीक निरीक्षण नोंदलेलं आहे: पाळी चालू असेपर्यंत बाईला हा रोग होत नाही. निरीक्षण बरोबर होतं. त्यामागचं कारण, म्हणजे स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं हे, कळायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

इथं आपल्या नैयायिकांचा एक शब्द उपयोगी पडतो: अन्यथासिद्ध. कुंभार मडकं करतो. मडक्याआधी माती हवी, चाक हवं, कुंभार हवा. पण माती वाहून आणणारं गाढवही मडक्याआधी हजर असतंच की! मग गाढव मडक्याचं कारण म्हणायचं का? नैयायिक म्हणतात, नाही. ते आधी असतं, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. अशा गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. गाऊटच्या इतिहासात श्रीमंती बरीचशी अशीच होती. श्रीमंतांच्या घरी मांस आणि मद्य जास्त, म्हणून रोग तिथं जास्त दिसला. लोकांनी गाढवालाच कुंभार समजून घेतलं आणि रोग्याला खादाड ठरवून मोकळे झाले.

धाग्यावरचे स्फटिक

१७७६ साली स्वीडनच्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं मूतखड्यातून एक आम्ल वेगळं काढलं. तेच युरिक ॲसिड. १७९७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वोलास्टननं दाखवलं, की गाऊटच्या रोग्याच्या सांध्याजवळची खडूसारखी गाठही त्याच पदार्थाची आहे. म्हणजे पदार्थ सापडला. पण तो तिथं येतो कुठून?

लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये दाखवून दिलं, की गाऊटच्या रोग्याच्या रक्तातच युरिक ॲसिड जास्त असतं. पुढं त्यांनी एक साधी चाचणी काढली. रक्तातला पाण्यासारखा भाग एका उथळ काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात थोडं आम्ल घालायचं, तागाचा एक धागा बुडवायचा आणि बशी एक-दोन दिवस तशीच ठेवायची. रक्तात युरिक ॲसिड जास्त असेल, तर धाग्यावर त्याचे स्फटिक जमतात. पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते तसेच. ना महाग यंत्र, ना काही.

१८५९ च्या आपल्या ग्रंथात गॅरड यांनी पुढचं पाऊल टाकलं. सांध्यातले हे स्फटिक सुजेचा परिणाम नसून सुजेचं कारण आहेत, असं त्यांनी मांडलं. पण मांडणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. शंभर वर्षं हा वाद निर्णायकपणे मिटला नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातलं पाणी विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात सुईसारखे स्फटिक स्पष्ट दिसले. तरी शंका उरतेच: सोबत दिसले म्हणून ते कारण ठरतात का? कदाचित तेही गाढवच असतील. मग मॅककार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी स्वतःच्या निरोगी गुडघ्यात हे स्फटिक टोचून घेतले. गुडघे सुजले, भयंकर दुखले. हे १९६२ साली प्रसिद्ध झालं. कारण आणून ठेवलं आणि कार्य घडलं. आमच्या विषयात याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

दुखणं थांबवणं आणि बाहेर काढणं

तोपर्यंत उपचार काय होते? पहिला फार जुना. पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारांवर कुंपणाला, झुडपांना धरून एक वेल चढते. लाल-पिवळी, ज्वाळांसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची फुलं. तीच कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. युरोपात हे द्रव्य कोल्चिकम नावाच्या वेगळ्याच वनस्पतीत मिळतं. ती वनस्पती सांध्याच्या या दुखण्यावर सहाव्या शतकापासून वापरात होती, आणि १८२० मध्ये फ्रान्सच्या पेलेतिए आणि काव्हांतू या दोघांनी तिच्यातून ते द्रव्य वेगळं काढलं. आजही गाऊटच्या झटक्यात डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कळलावी जहरी आहे. गोळीत मोजूनमापून दिलेलं द्रव्य वेगळं आणि घरी उगाळलेला कंद वेगळा. कंदानं माणूस मरतो. कुणी सांगितलं म्हणून कृपा करून तो प्रयोग करू नका.

कोल्चिसिन काय करतं? स्फटिकांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावतं. सूज उतरते, दुखणं थांबतं. पण स्फटिक जागच्या जागी राहतात आणि रक्तातलं युरिक ॲसिड तेवढंच राहतं. घरात धूर झाला म्हणून डोळ्यांत औषध घालावं आणि चूल तशीच पेटती ठेवावी, तसंच हे.

दुसरा उपचार १९५० च्या आसपास आला. प्रोबेनेसिड. पेनिसिलिन दुर्मीळ होतं तेव्हाची ही कल्पना. ते लघवीवाटे भराभर वाहून जाई, म्हणून मूत्रपिंडात त्याची वाट अडवण्यासाठी अशी औषधं शोधली जात होती. प्रोबेनेसिडनं पेनिसिलिन अडवलं खरं, पण युरिक ॲसिडच्या बाबतीत उलटच घडलं. ते जास्त बाहेर पडू लागलं. झालं गाऊटचं औषध. हे धूर बाहेर जायला खिडकी उघडण्यासारखं. बरं आहे, पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा मूतखड्याची खोड असेल, तर हा मार्ग अडचणीचा ठरतो. चुलीपर्यंत अजून कोणी पोचलं नव्हतं.

चूल कुठं आहे?

आपल्या पेशींच्या गाभ्यात डीएनए असतं. त्याच्या चार अक्षरांपैकी दोन ज्या गटातली, त्या गटाला प्युरिन म्हणतात. रोज जुन्या पेशी मोडतात, नव्या होतात. मोडलेल्या पेशींतलं प्युरिन, शिवाय मासे-मटण खातो त्यातलं प्युरिन, याची विल्हेवाट शरीराला लावावी लागते. शेवटच्या दोन पायऱ्या अशा: हायपोझँथिनचं होतं झँथिन, आणि झँथिनचं होतं युरिक ॲसिड. दोन्ही पायऱ्यांवर काम करणारा कामगार एकच, झँथिन ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. गंमत म्हणजे हे एन्झाइम गाईच्या दुधात भरपूर असतं. १९०२ मध्ये शार्डिंगर यांनी ते दुधात ओळखलं आणि पुढं कित्येक प्रयोगशाळांना ते दुधातूनच मिळालं.

गाईम्हशींपासून उंदरापर्यंत बहुतेक सस्तन प्राण्यांकडे याच्या पुढचं एक एन्झाइम असतं, युरिकेझ. ते युरिक ॲसिडचं पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करतं. माणसाच्या पूर्वजांकडचं ते एन्झाइम एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी निकामी झालं. त्यामुळं आपल्या रक्तात युरिक ॲसिड मुळातच जास्त. एक डेसिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं, की ते विरघळून राहू शकत नाही, त्याचे स्फटिक होऊ लागतात. अंगठा शरीरात सर्वांत लांब आणि सर्वांत थंड, म्हणून बहुधा सुरुवात तिथं होते.

आता औषधाचा प्रश्न नीट मांडता येतो: हा एक कामगार थोडा थांबवता येईल का?

टकाहोची प्रयोगशाळा

गंमत अशी, की ज्यांनी तो थांबवला, ते या प्रश्नामागं नव्हतेच.

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित कुटुंबात. पंधराव्या वर्षी आजोबा कर्करोगानं गेले, ते त्यांनी जवळून पाहिलं आणि रसायनशास्त्राकडे वळल्या. १९३७ मध्ये पदवी उत्तम गुणांनी मिळाली, पण प्रयोगशाळेत बाईला जागा देणारं कोणी भेटेना. काही काळ शाळेत शिकवलं, १९४१ मध्ये एम.एस्सी. झाल्या. पुढं नोकरी सांभाळून डॉक्टरेट करत होत्या, तर संस्थेनं सांगितलं, पूर्ण वेळ या नाहीतर सोडा. त्यांनी डॉक्टरेट सोडली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळ टकाहो इथं बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर त्या काम करू लागल्या. १९८८ मध्ये नोबेल मिळालं, ते संशोधनाची डॉक्टरेट न करता. नावामागं डॉक्टरेट लावून हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हिचिंग्ज यांची कल्पना अशी होती: भराभर वाढणाऱ्या पेशीला, मग ती जंतूची असो वा कर्करोगाची, डीएनए बनवायला प्युरिन फार लागतं. तर मग प्युरिनसारखं दिसणारं, पण खोटं नाणं तिच्या हाती द्यावं. ती ते घेईल आणि अडकून पडेल. या विचारातून एलियन यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार केलं. रक्ताचा कर्करोग झालेली मुलं तेव्हा काही महिन्यांतच जात. या औषधानं त्यांचा रोग काही काळ तरी मागं हटू लागला. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पण हे औषध शरीरात टिकत नसे. एलियन यांनी त्याचा माग काढला. शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं, कोणत्या रूपात ते लघवीत उतरतं? तेव्हा दिसलं, की झँथिन ऑक्सिडेझ याच एन्झाइमच्या हातून ते निकामी होतं. म्हणून विचार केला, की या एन्झाइमला अडवलं तर मर्कॅप्टोप्युरिन जास्त टिकेल. अडवणारं संयुग शोधताना ॲलोप्युरिनॉल हाती लागलं. ते हायपोझँथिनचं जुळं भावंड वाटावं इतकं सारखं. फक्त एका कड्यातल्या एका कार्बनची आणि एका नायट्रोजनची जागा बदललेली. एन्झाइम फसतं. ते ॲलोप्युरिनॉल पकडतं, त्याचं ऑक्सिप्युरिनॉल करतं, आणि ते ऑक्सिप्युरिनॉल एन्झाइमच्या गाभ्यातल्या मॉलिब्डेनम धातूला घट्ट चिकटून बसतं. म्हणजे कामगारानं स्वतःच्याच हातानं स्वतःला कुलूप लावलं. ॲलोप्युरिनॉल रक्तातून एक-दोन तासांत निम्मं होतं, पण ऑक्सिप्युरिनॉल पुष्कळ तास टिकतं. म्हणून गोळी दिवसातून एकदा पुरते.

ड्यूक विद्यापीठातले डॉक्टर वेन रंडल्स यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं. मूळ हेतू फसला. मर्कॅप्टोप्युरिनचा परिणाम वाढला, पण त्याची विषबाधाही तेवढीच वाढली. फायदा काहीच नाही. आजही ही दोन औषधं एकत्र द्यायची वेळ आली, तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. पण त्याच रुग्णांच्या रक्तातलं आणि लघवीतलं युरिक ॲसिड झपाट्यानं उतरलं. रंडल्स, एलियन, हिचिंग्ज आणि सहकाऱ्यांनी हे १९६३ मध्ये मांडलं. गाऊटच्या रोग्यांना देऊन पाहिलं तर झटके थांबत गेले, वर्षांच्या गाठी हळूहळू विरघळू लागल्या. १९६६ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. चुलीवर पहिल्यांदा हात पडला.

याला योगायोग म्हणायचं का?

अशा कथा सांगताना लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतात, सगळा योगायोग. गेले होते कर्करोगामागं, मिळालं गाऊटचं औषध. दुसरे म्हणतात, सगळं बुद्धीनं आखलेलं. आम्हाला दोन्ही अपुरं वाटतं.

समजा, त्याच रुग्णांचे तेच आकडे दुसऱ्या कोणाच्या हाती पडले असते. युरिक ॲसिड उतरलेलं त्यालाही दिसलं असतं. त्यानं काय केलं असतं? बहुधा वहीत नोंद करून पान उलटलं असतं, कारण त्याचा प्रश्न कर्करोगाचा आणि तिथं तर औषध नापास झालेलं. एलियन आणि हिचिंग्ज यांच्या डोक्यात मात्र पूर्ण साखळी तयार होती: प्युरिन, हायपोझँथिन, झँथिन, युरिक ॲसिड, आणि मधे उभं असलेलं एन्झाइम. आपण नेमकी कोणती कडी धरली आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून युरिक ॲसिड उतरणं हा त्यांच्यासाठी किरकोळ आकडा नव्हता, ते अपेक्षित उत्तर होतं. औषध समोर येणं यात योगायोग असेल. पण ते औषध म्हणून ओळखायला कार्यकारणाची साखळी आधी हातात असावी लागते.

आणि ही साखळी मोठ्या प्रयोगशाळेतच हातात येते, असंही नाही. म्हणून आता टकाहोहून बिरवाडीला येऊ.

बिरवाडी आणि पोलादपूर

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. इथल्या जुन्या माणसांना त्या काळातल्या विंचवाची दहशत सांगायला नको. भातकापणीत, गवताच्या भाऱ्यात, कौलांत तांबडा विंचू. गंभीर दंश झालेल्यांपैकी तीन-चार माणसांमागं एक दगावे. ठरलेला उपाय नव्हता.

बावस्करांनी काय केलं? रुग्णाशेजारी बसून पाहिलं आणि लिहून ठेवलं. आधी ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार, रक्तदाब वर. मग काही तासांनी हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. म्हणजे त्यांनीही आधी साखळी जुळवली. विंचवाच्या विषानं शरीरातली ताणाची रसायनं एकदम ओतली जातात, त्यामुळं रक्तवाहिन्या आवळतात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध पंप मारून मारून हृदय हरतं.

मग प्रश्न नेमका झाला: या साखळीची कोणती कडी थांबवायची? आधी त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं सलाइनमधून देण्याचं औषध वापरलं. पण त्याला सतत पहारा लागतो. ग्रामीण दवाखान्यात ते अवघड. तेव्हा त्यांनी प्राझोसिन घेतलं. उच्च रक्तदाबावर आधीच वापरात असलेली साधी गोळी. विषामुळं सुटलेली रसायनं रक्तवाहिनीवरच्या ज्या जागी बसून तिला आवळतात, ती जागाच ही गोळी अडवून धरते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढं मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं. विंचवाच्या प्रतिविषासोबत प्राझोसिन दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनीच चाचणी घेऊन २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. स्वतःच्याच उपायाला पुन्हा कसोटीवर लावणं याला आम्ही फार मानतो. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन एन्झाइम अडवत नाही, ते रक्तवाहिनीवरची एक जागा अडवतं. एवढा फरक सोडला तर तर्क हुबेहूब तोच. तिकडे कर्करोगासाठी शोधलेलं संयुग गाऊटला लागू पडलं, इकडे रक्तदाबाची गोळी विंचवाला. दोन्हीकडे नवं औषध आकाशातून पडलं नाही. रोगाची साखळी नीट समजलेल्या माणसानं समोरची गोष्ट ओळखली.

दुसरी गोळी आणि नवे प्रश्न

ॲलोप्युरिनॉलनं प्रश्न संपला असं नाही. थोड्या लोकांना त्यानं अंगावर भयंकर पुरळ येतं, कातडी सोलवटते, जीवावर बेततं. २००५ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं, की हा धोका एका विशिष्ट जनुकाशी घट्ट बांधलेला आहे. म्हणून गोळी लहान मात्रेनं, १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमीनं सुरू करतात. पुरळ दिसलं तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठायचा, हे प्रत्येकाला सांगितलंच पाहिजे.

जपानच्या तेइजिन कंपनीनं दुसरा रस्ता धरला. एन्झाइमला फसवायला प्युरिनची नक्कलच कशाला? वेगळ्याच घडणीचं फेबुक्झोस्टॅट त्यांनी काढलं, जे एन्झाइमच्या आत जाणारी वाटच बुजवतं. युरोपात २००८, अमेरिकेत २००९ मध्ये ते आलं. हृदयरोग असलेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, २०१८ मध्ये, ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयविकारानं मृत्यू जास्त दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेनं त्यावर कडक इशारा छापायला लावला. २०२० मध्ये युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तसा धोका दिसला नाही. म्हणजे साखळीची एक कडी कळली, म्हणून सगळं शरीर कळलं असं होत नाही. तेव्हा कोणती गोळी कोणाला, हे ज्याच्या त्याच्या हृदयाकडे आणि मूत्रपिंडाकडे पाहून डॉक्टरनंच ठरवायचं.

गोळी का सुटते?

आता ज्यासाठी एवढा इतिहास सांगितला ते.

ॲलोप्युरिनॉल जुनं आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या औषध दुकानात मिळतं. तरी जगभरचा अनुभव असा, की सुरू केलेली गोळी पुष्कळ रोगी सोडून देतात. का सोडतात? तर ही गोळी दुखणं थांबवत नाही. अंगठा ठणकत असताना घेतली, तरी त्या रात्री काही फरक पडत नाही. उलट सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटके जास्त येऊ शकतात. म्हणून डॉक्टर काही महिने कोल्चिसिन जोडून देतात. रोग्याला हे कोणी समजावलेलं नसतं. तो म्हणतो, या गोळीनंच दुखणं वाढलं. सोडतो. दुसरा असा, की ज्याचं वर्षभर दुखलं नाही. तो म्हणतो, बरा झालो, आता कशाला? तोही सोडतो. एन्झाइम मोकळं होतं, युरिक ॲसिड चढतं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच पहाट. मग दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनानंच आणल्या जातात, मूठमूठ खाल्ल्या जातात, आणि आधीच ताणलेलं मूत्रपिंड बिघडतं. आम्हाला खरी काळजी वाटते ती याची. चादर लागणं बंद झालं म्हणजे रोग गेला असं नव्हे. रक्तातला आकडा ६ च्या खाली राहिला पाहिजे, आणि तो तपासून पाहावा लागतो.

उलटी बाजूही सांगतो. तपासणीत आकडा थोडा जास्त निघाला, पण कधी झटका नाही, गाठ नाही, खडा नाही, अशा माणसाला सहसा गोळी लागत नाही. क्षयरोगावरच्या पायराझिनामाइडनं किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही हा आकडा चढतो. तेव्हा कागदावरचा आकडा पाहून घाबरू नका, आणि डॉक्टरला न विचारता कोणतीच गोळी बंद करू नका.

आणि एक, खाण्याबद्दल. सुकट, बोंबील, मटण, बिअर यांनी झटका येऊ शकतो हे खरं, बेतानं खावं. पण २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका विश्लेषणात दिसलं, की माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकात आहाराचा वाटा अगदी किरकोळ आणि आनुवंशिकतेचा कितीतरी मोठा असतो. शरीरातलं बहुतेक युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. म्हणून घरातल्या आजोबांना 'तुम्ही सुकट खाल्लीत म्हणून झालं' असं टाकून बोलू नका. आढ्यवात म्हणणाऱ्यांनी श्रीमंतीला कारण ठरवलं, आपण सुकटीला ठरवतो. दोष लावला की शोध थांबतो, आणि माणूस लाजेनं दवाखान्यात जात नाही.

एलियन यांच्या डोक्यात जी साखळी होती, बावस्करांच्या वहीत जी होती, ती थोडी सोपी करून रोग्याच्या हाती द्यायला पाच मिनिटं पुरतात. ही गोळी दुखणं मारायला नाही, युरिक ॲसिड बनवणारा कामगार अडवायला आहे. ती सोडली की कामगार पुन्हा कामाला लागतो. एवढं ज्याला कळलं, तो गोळी सहसा सोडत नाही. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरला तेवढी पाच मिनिटं मिळत नाहीत, हे आम्ही जाणतो. मग ते काम आशाताईंनी करावं, औषध दुकानदारानं करावं, घरातल्या शिकत्या पोरानं करावं. आजच्या व्याख्यानाला बसलेल्या आपणां सगळ्यांना ते आता करता येईल.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. पण आपापले रिपोर्ट मात्र डॉक्टरांनाच दाखवा.